जुन्या रेशमी साड्यांपासून भिंतीवरची गोधडी कशी करावी

गर्भरेशमी साडीचा तळहाताएवढा तुकडा घ्यावा, खिडकीपाशी पांढऱ्या कागदावर सपाट ठेवावा आणि आपण जागचे न हलता तो तुकडा फक्त पाव फेरा फिरवावा. क्षणापूर्वी मोरपंखी दिसणारे कापड आता गर्द निळ्याकडे झुकलेले दिसते. साडी धूपछाव असेल, म्हणजे ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा असेल, तर हा फरक इतका मोठा असतो की दोन वेगळ्या साड्यांचे तुकडे असावेत असे वाटते. रेशमाची गोधडी करायला बसणाऱ्याने सुईत दोरा ओवण्याआधी हा प्रयोग घरातल्या चारपाच साड्यांवर करून पाहावा, कारण पुढचे सगळे काम त्यावरच उभे आहे. सुती गोधडीत आपण रंगाशेजारी रंग ठेवतो. रेशमी गोधडीत रंगाच्या बरोबरीने उजेडाची दिशा ठेवावी लागते, आणि ती ठेवता आली की एकाच साडीतून आठ-दहा छटा हाती येतात.

असे होण्याचे कारण धाग्यातच आहे. कोशातून निघणारा रेशमाचा तंतू शेकडो मीटर सलग असतो आणि त्याचा छेद गोलसर कोपऱ्यांच्या त्रिकोणासारखा असतो. त्यामुळे त्याच्यावर पडलेला उजेड कापसाच्या तंतूसारखा चहूकडे विखुरत नाही, तो ठरावीक दिशेने परततो. कापडातले उभे धागे एका बाजूला उजेड पाठवतात आणि आडवे दुसऱ्या बाजूला. विदर्भातल्या ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांचे टसर, ज्याला तिकडे कोसा म्हणतात, मुळातच मधासारख्या रंगाचे आणि जरा चपट्या तंतूचे असते, म्हणून त्याची चमक दबलेली, खरबरीत वाटते. माझ्या कामात मी टसर नेहमी जमिनीसाठी, दगडासाठी, वाळल्या गवतासाठी राखून ठेवते, आणि पाण्यासाठी व आकाशासाठी तुतीचे रेशीम वापरते.

गोधडी आपल्याकडे अंगावर घ्यायची वस्तू आहे; दक्षिण महाराष्ट्रात तिलाच वाकळ म्हणतात. ती भिंतीवर चित्रासारखी लावण्याची कल्पना जगभर रुजायला १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भरलेल्या अमेरिकन क्विल्टच्या, म्हणजे तिकडच्या गोधड्यांच्या, प्रदर्शनाने मोठी मदत केली. तिथे जुनी पांघरुणे आधुनिक चित्रांसारखी भिंतींवर टांगली होती. १९७९ पासून ओहायो राज्यातल्या अथेन्स गावात केवळ भिंतीवरच्या क्विल्टसाठी ‘क्विल्ट नॅशनल’ हे प्रदर्शन भरू लागले. मी गेली वीस वर्षे पुण्यात हे काम करते आहे, आणि माझ्यापुरते सांगायचे तर वाकळ शिवणाऱ्या माझ्या आजीच्या धावदोऱ्यापेक्षा वेगळा टाका मला कधी लागला नाही. खाली दिलेली पद्धत साठ सेंटिमीटर रुंद आणि नव्वद सेंटिमीटर उंच अशा पहिल्या गोधडीसाठी आहे. रोज दोन-तीन तास बसले तर ती दोन महिन्यांत पुरी होते.

कापड निवडणे आणि तपासणे

सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा, कारण इथे केलेली घाई वर्षभराने भिंतीवर दिसते. प्रत्येक साडीच्या कडेचे पाच-सहा धागे काढून, पाण्याची वाटी जवळ ठेवून, चिमट्यात धरून जाळून पाहावेत. अस्सल रेशीम हळू जळते, केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत काढली की बहुधा आपसूक विझते आणि उरलेली राख बोटात चुरली जाते. पॉलिस्टर वितळते आणि त्याची कडक गुठळी होते. ही चाचणी ताण्याच्या धाग्यांवर एकदा आणि बाण्याच्या धाग्यांवर एकदा अशी वेगवेगळी करावी, कारण कित्येक साड्यांत एकाच दिशेला रेशीम असते. एका दुकानातून प्युअर सिल्क म्हणून घेतलेले केशरी कापड मी ही तपासणी न करता लावले होते. शेवटच्या इस्त्रीच्या वेळी ते आकसले आणि सभोवतीचे चार तुकडे ओढून घेतले. पाच आठवड्यांचे काम मला उसवावे लागले. तेव्हापासून पावतीवर काय लिहिले आहे हे मी पाहत नाही, धागा जाळूनच पाहते.

दुसरी तपासणी मजबुतीची. साडी उजेडासमोर धरून घड्यांच्या रेषा पाहाव्यात. वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिलेल्या साडीला नेमक्या त्याच रेषेवर बारीक चिरा गेलेल्या असतात. घडीच्या दोन्ही बाजूंना अंगठा आणि तर्जनी ठेवून अगदी हलकेच ताण द्यावा. कापड गप्प राहिले तर ते वापरण्याजोगे आहे. कोरडे पान मोडावे तसा बारीक आवाज आला तर ती पट्टी कापून बाजूला काढावी. अमेरिकेत १८८० च्या दशकात रेशमाच्या आणि मखमलीच्या वेड्यावाकड्या तुकड्यांच्या गोधड्यांची मोठी लाट आली होती. त्या काळी रेशमाचे वजन वाढवण्यासाठी कथील आणि लोहाचे क्षार धाग्यात मुरवत असत, आणि त्यामुळे त्यांतले कित्येक तुकडे पुढे आपोआप फाटून भुगा झाले. आपल्या जुन्या साड्यांचा शत्रू बहुधा वेगळा, म्हणजे घडी, घाम आणि ऊन. पण शिकायचे तेच आहे, की दिसायला धड असलेले रेशीम आतून संपलेले असू शकते.

तिसरी तपासणी रंगाची. पांढऱ्या सुती कापडाचा ओला बोळा साडीच्या कोपऱ्यावर मिनिटभर दाबून धरावा. रंग उतरला तर ते कापड फिक्या रंगाशेजारी लावू नये. धुणे आवश्यकच असेल तर रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवावे, चोळू नये, पिळू नये, आणि सावलीत पसरून वाळवावे. रेशीम हे प्रथिन आहे. धुण्याचा सोडा किंवा कपड्यांचा कडक साबण त्याला कमकुवत करतो.

पैठणीबद्दल माझे मत ठाम आहे. धड असलेली हातमागाची पैठणी कापू नये. पैठण आणि येवल्याच्या मागांवर पदराच्या नक्षीतल्या प्रत्येक रंगाचा बाणा वेगळ्या कांडीने घालून शेजारच्या धाग्यात अडकवलेला असतो. म्हणून तर पदराची उलट बाजू सुलट बाजूसारखीच स्वच्छ दिसते, आणि म्हणूनच मोराच्या मधोमध कात्री चालवली की कितीतरी सुटे धागे एकदम मोकळे होतात. अंग जिरलेली, पण पदर टिकलेली पैठणी मिळाली तर पदरातली एक अख्खी चौकट काढावी, तिच्या कडेला आधी बारीक टाके घालावेत आणि मगच कापावे.

पायाचे कापड

नव्याने शिकणाऱ्यांची गोधडी बिघडते ती बहुतेक या एका गोष्टीवाचून. रेशीम निसटते, त्याची सुते सुटतात आणि जुने असेल तर ते ताण सोसत नाही. म्हणून तुकडे एकमेकांना नुसते न जोडता पायाच्या कापडावर जोडावेत. त्यासाठी धुऊन आटवलेली पांढरी मलमल सहासष्ट बाय शहाण्णव सेंटिमीटर कापून घ्यावी. शिवताना गोधडी थोडी आखडते, म्हणून हे सहा सेंटिमीटर जास्तीचे. मलमलीवर शिसपेन्सिलीने पूर्ण चित्राचे मोठे भाग आखावेत आणि प्रत्येक भागात उजेड उभा हवा की आडवा, हे बाणाने दाखवावे. हे बाण आळसाने टाळू नयेत. महिन्याभराने कोणता तुकडा कसा फिरवायचा होता हे डोळ्यांना आठवत नाही.

काही जण रेशमाच्या मागे इस्त्रीने चिकटणारे फ्युजिंग लावतात. मशीनवर शिवायचे असेल आणि कापड नवे असेल तर हलके फ्युजिंग चालते. हाताने शिवण्याच्या कामात मी ते वापरत नाही, कारण कापड कागदासारखे ताठ होते, सुई जड जाते आणि रेशमाची लव मरते.

एका चित्राचे उदाहरण

माझ्या शिकाऊ विद्यार्थिनींना मी पहिले चित्र नेहमी पाण्याचे देते: खडकवासल्याच्या जलाशयावरची संध्याकाळ. खालची अर्धी चौकट पाणी, वरची अर्धी आकाश. पाण्यासाठी एकच धूपछाव साडी घ्यायची, शक्यतो करडी आणि निळी. मलमलीच्या खालच्या अठ्ठेचाळीस सेंटिमीटरमध्ये तीन-तीन सेंटिमीटरवर आडव्या रेषा आखल्या की सोळा पट्ट्या होतात. प्रत्येक पट्टी पाच सेंटिमीटर रुंद कापावी, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटर शिलाई मिळते. सुती कामात अर्ध्या सेंटिमीटरच्या थोडी वर शिलाई पुरते, परंतु रेशमाची सुते सुटतात म्हणून मी एकाखाली कधी जात नाही. आठ पट्ट्या साडीच्या लांबीत आणि आठ रुंदीत कापाव्यात. साडीचा पाऊण मीटर तुकडा त्याला पुरतो. पट्ट्या मध्येच तोडून जोडायच्या असतील तर एक मीटर घ्यावा.

सर्वांत खालची पट्टी सुलट बाजू वर ठेवून मलमलीवर कच्च्या दोऱ्याने पक्की करावी. दुसरी पट्टी तिच्यावर उलटी, म्हणजे सुलट बाजू खाली, अशी ठेवावी, वरच्या कडा जुळवाव्यात आणि कडेपासून एक सेंटिमीटरवर मलमलीसकट शिवावे. मग ती वर पलटावी, बोटाने चेपावी आणि वरून सुती कापड ठेवून कोमट इस्त्री टेकवून उचलावी. इस्त्री घासत फिरवू नये आणि पाणी शिंपडू नये. रेशमावर पाण्याच्या थेंबाचा डाग राहतो. असेच एकेक पट्टी वर चढत जावे. टाचण्या शिलाईच्या जागेतच टोचाव्यात, कारण पातळ रेशमावर टाचणीचे भोक बुजत नाही.

आता मुख्य गोष्ट. लांबीतली आणि रुंदीतली पट्टी आळीपाळीने लावली तर पाणी जिन्यासारखे दिसते. पाणी तसे नसते. दूरचे पाणी जवळजवळ एकाच उजेडाचे असते आणि काठाजवळ ते तुटते. म्हणून वरच्या पाच-सहा पट्ट्या एकाच दिशेच्या असाव्यात आणि खाली येता येता पट्टी मध्येच तोडून हातभर, वीतभर, चार बोटे असे उलट दिशेचे तुकडे तिच्यात जोडावेत. शिवण्याआधी सगळ्या पट्ट्या जमिनीवर मांडून एकदा सकाळी आणि एकदा दिवेलागणीला पाहाव्यात. सकाळी उजळ दिसणारी पट्टी संध्याकाळी बल्बच्या पिवळ्या उजेडात काळपट पडलेली असते, आणि गोधडी ज्या खोलीत लागणार तिथला उजेड ज्या बाजूने येतो त्याच बाजूने पाहून मांडणी ठरवावी. माझ्याकडे उत्तरेची खिडकी आहे. तिचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही, म्हणून मांडणीचे सगळे निर्णय मी तिथेच, सकाळी आठ ते अकरा या वेळात घेते.

आकाशाला एवढी बारकाई लागत नाही. मोठे तीन-चार तुकडे, फिक्या गुलाबीपासून जांभळ्यापर्यंत, कडा आत दुमडून बारीक टाक्यांनी बसवावेत. सूर्य दाखवायचा मोह झाला तर जरीचा गोल कापून लावू नये. जुन्या काठाची एक अरुंद जरीची पट्टी पाण्यावर मध्यभागी तोडून-तोडून लावली की सूर्य चौकटीबाहेर आहे हे आपोआप कळते.

थर आणि धावदोरा

वरचा थर तयार झाल्यावर त्याच्याखाली भरणाचा थर आणि त्याखाली अस्तर येते. भिंतीवरच्या गोधडीत जाड भरण नको. फुगीर पॉलिस्टर घातले तर रेशीम गादीसारखे फुगते आणि काही महिन्यांत स्वतःच्या वजनाने खाली लोंबते. मऊ झालेल्या जुन्या सुती नऊवारीचे दोन थर किंवा पातळ फ्लॅनेलचा एक थर पुरतो. अस्तर सुतीच असावे, सत्तर बाय शंभर सेंटिमीटर. तिन्ही थर जमिनीवर सुरकुतीविना अंथरून मध्यापासून कडांकडे वीतभर अंतरावर कच्चे दोरे घालावेत.

कर्नाटकात यल्लापूर आणि हल्याळ भागातल्या सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या, स्त्रिया कवंदी ही त्यांची गोधडी शिवतात तेव्हा त्या कडेपासून सुरुवात करून गोल-गोल आत येतात आणि चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाचे फूल लावल्याशिवाय ती पुरी झाली असे मानत नाहीत. तुकडे शिवता-शिवताच लावले जातात, म्हणून तिथे ते जमते. आपला वरचा थर आधीच जोडलेला आहे. कडेपासून सुरुवात केली तर मध्यभागी फुगा येईल, म्हणून इथे मध्यापासून बाहेर जावे. लाकडी चौकटीत कापड ढोलासारखे ताणू नये, जुन्या रेशमाला ते सोसत नाही. आपल्या बायका वाकळ जमिनीवर अंथरून शिवत, तीच रीत इथे बरी.

सुई नऊ किंवा दहा नंबरची, हातशिलाईची. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. दोरा कोपरापर्यंत येईल एवढाच घ्यावा, लांब दोरा रेशमातून दहादा ओढला की झिजतो आणि तुकड्याच्या कडाही झिजवतो. टाका तीन मिलिमीटरच्या आसपास आणि दोन ओळींत चार-पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नको. प्रत्येक टाक्यापाशी रेशमात एक खळगी पडते आणि तिच्या एका अंगाला उजेड, दुसऱ्या अंगाला सावली बसते, तेव्हा धावदोऱ्याची दिशाही चित्राचाच भाग धरावी. पाण्यावर मी आडव्या, किंचित वाकलेल्या ओळी घालते. आकाशावर ओळी विरळ ठेवते, कारण तिथे रेशमाने सलग चमकावे असे मला वाटते. दोऱ्याचा रंग कापडाहून एक छटा गडद घ्यावा. फिका दोरा रेशमावर धुळीसारखा दिसतो.

हातांबद्दल एक सूचना. बोटांची कातडी खरखरीत असेल तर रेशमाची सुते तिला अडकतात आणि निघालेले सूत परत बसवता येत नाही. रात्री झोपताना हातांना खोबरेल तेल लावावे, सकाळी साबणाने स्वच्छ धुवावे, नखांच्या कडा घासून घ्याव्यात आणि मगच कापडाला हात लावावा. सुई ढकलणाऱ्या बोटावर धातूचे टोपण जरूर घालावे. रक्ताचा एक थेंब फिक्या रेशमावर कायमचा राहतो.

कडा, टांगणे आणि सांभाळणे

धावदोरा पुरा झाल्यावर गोधडी दोन दिवस सपाट पडू द्यावी, मग गुण्याने काटकोन साधून ती साठ बाय नव्वदच्या मापापेक्षा एक सेंटिमीटर जास्त ठेवून कापावी. पांघरुणाला लावतात तशी रंगीत पट्टी कडेला लावली तर चित्राला चौकट बसते. पाण्याच्या चित्राला मला ती नको वाटते. त्याऐवजी सुती पट्टी सुलट बाजूवर शिवून संपूर्ण मागे वळवावी आणि अस्तराला टाचावी. मागे वरच्या कडेशी दहा सेंटिमीटर रुंदीची सुती नळी शिवावी, टाके फक्त अस्तरात आणि भरणात घ्यावेत, आणि तिच्यातून चपटी पट्टी किंवा अॅल्युमिनियमची नळी घालून गोधडी टांगावी. लाकडाची पट्टी असेल तर ती आधी मलमलीत गुंडाळावी, कारण कच्च्या लाकडातून निघणारे आम्ल कापड पिवळे करते. कोपऱ्यांना कड्या लावून गोधडी कधीही टांगू नये. सगळे वजन दोन टोकांवर येते आणि वर्षभरात मधला भाग झोळीसारखा उतरतो.

उन्हाची तिरीप जिथे पोहोचते ती भिंत टाळावी. संग्रहालयांत कापडासाठी साधारण ५० लक्स (लक्स हे उजेडाचे माप) एवढाच मंद उजेड ठेवण्याची पद्धत आहे. घरात तेवढे शक्य नसले तरी खिडकीसमोरची भिंत सोडून शेजारची निवडणे आपल्या हातात असते. पावसाळ्यात बाहेरच्या ओलसर भिंतीवरून गोधडी उतरवावी. ठेवताना घडी घालू नये. मलमल गुंडाळलेल्या जाड नळीवर सुलट बाजू बाहेर ठेवून गुंडाळावी, म्हणजे सुरकुत्या पडल्याच तर अस्तराला पडतील. कसर लागू नये म्हणून कडुलिंबाची वाळलेली पाने पुरचुंडीत बांधून शेजारी ठेवावीत. पाने आणि डांबरगोळ्या, दोन्हींचा जरीला स्पर्श होऊ देऊ नये. वर्षातून दोनदा ती उलगडून, सावलीत तासभर वारा लागू द्यावा.

मागच्या बाजूला, खालच्या उजव्या कोपऱ्यात, सुती पट्टीवर माहिती लिहून ती पट्टी चारी बाजूंनी टाचावी. शाई धुण्यात उतरते, म्हणून मी अक्षरे दोऱ्यानेच काढते. त्यात शिवणाऱ्याचे नाव, पुरी केल्याचा महिना आणि साल, आणि प्रत्येक कापड कोणाच्या अंगावरचे होते ते असावे. माझ्या पहिल्या गोधडीच्या मागे लिहिले आहे: ‘पाणी, आईचा करडा शालू. आकाश, मावशीची जांभळी साडी. जरी, आजीच्या चोळीच्या खणाचा काठ. भरण, आजीची नऊवारी.’ चोळीच्या त्या खणाचा उरलेला चार बोटांचा तुकडा त्याच पट्टीच्या आत सुटा ठेवला आहे, कधी काठाची दुरुस्ती करायची वेळ आली तर तोच लागेल.